माशाच्या आधी माशाचा घास

घरात शोभेचे मासे पाळण्याचा छंद आपल्याकडे जुना आहे. डॉक्टरांच्या दवाखान्यात, हॉटेलात, एखाद्याच्या दिवाणखान्यात काचेची टाकी असते आणि तीत गोल्डफिश, एंजल, गप्पी फिरत असतात. हे सगळे गोड्या पाण्यातले मासे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र खाऱ्या पाण्याची, म्हणजे समुद्री टाकी ठेवणारी मंडळीही मुंबई-पुण्यापासून कोकणातल्या गावांपर्यंत दिसू लागली आहेत. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. तेव्हापासून रंगीत समुद्री मासा काचेआड पाहण्याचे अप्रूप आपल्याला आहेच. आता तो मासा विकत घेऊन घरी आणता येतो. पण घरी आणलेल्या जिवाला खायला काय घालायचे, याचा विचार दुकानातून पिशवी हातात घेताना फार थोडे लोक करतात. आज त्याच विषयावर थोडे बोलायचे आहे.

मी विज्ञानाचा माणूस नव्हे. मराठी विषय घेऊन बी. ए. झालो, कविता लिहितो. रत्नागिरीला आमच्या घरी पुतण्याने चार फुटांची समुद्री टाकी ठेवली आहे. नोकरीमुळे तो आठवड्यातले पाच दिवस बाहेरगावी असतो, म्हणून तिची देखभाल गेली काही वर्षे माझ्याकडे आली. ‘चाचा, तुम्ही फक्त पाण्याकडे लक्ष ठेवा,’ एवढेच त्याने सांगितले होते. पाण्याकडे लक्ष ठेवता ठेवता लक्षात आले, की या टाकीतला सगळ्यात महत्त्वाचा प्राणी डोळ्यांना जेमतेम दिसतो. त्याचे नाव कोपेपॉड.

पण आधी माशाबद्दल सांगतो. मँडरिन नावाचा एक मासा आहे. फिलिपाइन्स, इंडोनेशिया, जपानची दक्षिणेकडची रिउक्यू बेटे ते ऑस्ट्रेलिया या पट्ट्यात प्रवाळाच्या खडकांमध्ये तो राहतो. लांबी सहा-सात सेंटिमीटर. निळ्या अंगावर नारिंगी वळणे, मध्येमध्ये हिरवी झाक. पैठणीच्या पदरावर एखाद्याने उलटसुलट वेलबुट्टी काढावी तसा. निसर्गात निळा रंग बहुधा फसवा असतो. मोराच्या पिसातला किंवा फुलपाखराच्या पंखावरचा निळा हा रंगद्रव्याचा नसतो, प्रकाशाच्या विखुरण्याचा खेळ असतो. मँडरिनच्या कातडीत मात्र खरोखरचे निळे रंगद्रव्य असलेल्या पेशी आहेत, असे जपानी संशोधकांनी १९९५ साली दाखवले. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत हे फार दुर्मीळ आहे. या माशाला खवले नसतात. अंगावर कडवट चिकट थर असतो, त्यामुळे दुसरे मासे त्याच्या वाटेला जात नाहीत.

एवढा देखणा मासा, तो विकला जाणारच. आणि आणल्यावर दोन-तीन महिन्यांत तो मरतो, अशी उदाहरणे कितीतरी आहेत. त्याला रोग होत नाही, पाणीही बिघडलेले नसते. तो उपाशी मरतो. एका परिचितांकडे मी असा मँडरिन पाहिला होता. वरून रंग तसाच झळझळीत, पण पोट आत गेलेले आणि डोक्यामागची पाठ धारदार झालेली. टाकीत रोज दोनदा खाद्य पडत होते, बाकीचे मासे तुकतुकीत होते. मँडरिन त्या खाद्याकडे बघतही नव्हता.

याचे कारण त्याच्या खाण्याच्या रीतीत आहे. मँडरिन एका वेळी पोटभर जेवून दिवस काढणारा नव्हे. तो दिवसभर खडकावर हळूहळू सरकत असतो, थांबतो, निरखतो, टोच मारतो, पुन्हा सरकतो. दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखी त्याची रीत असते. तो टिपतो ते हलणारे, जिवंत, बारीक जीव. त्यांत मुख्य वाटा कोपेपॉडचा. पाण्यात तरंगणारी सुकी गोळी त्याच्या लेखी अन्नच नसते. काही मँडरिन गोठवलेले खाद्य घ्यायला शिकतात, आणि बंदिस्त पैदाशीतून आलेले मासे अशा खाद्याला लवकर सरावतात. तरीसुद्धा दिवसभर टिपत राहण्याची त्याची गरज संपत नाही. म्हणून हा मासा आणायचा तर त्याच्या आधी त्याचे रान आणावे लागते.

कोपेपॉड हा कोळंबी, खेकडे यांच्या गोतातला प्राणी. ‘कोपे’ म्हणजे वल्हे आणि ‘पॉड’ म्हणजे पाय. हे दोन्ही शब्द ग्रीक. पायांचे वल्ह्यासारखे फटके मारत तो पुढे उडी घेतो, म्हणून हे नाव. बहुतेक जाती अर्ध्या मिलिमीटरपासून दोन मिलिमीटरपर्यंतच्या, म्हणजे रव्याच्या कणाएवढ्या. जगाच्या समुद्रांत त्यांची संख्या इतकी अफाट आहे की पृथ्वीवर सर्वांत जास्त संख्येने असलेल्या प्राण्यांत त्यांची गणना होते. आपल्या ताटातली तारली आणि बांगडा हेही त्यांच्यावर पोसले जातात. समुद्रातले शेवाळ-सूक्ष्मवनस्पती खाऊन कोपेपॉड वाढतो, त्याला लहान मासा खातो, लहान माशाला मोठा. सुरमईच्या कालवणापर्यंत पोहोचणाऱ्या साखळीची एक कडी हा रव्याचा कण आहे.

महाराष्ट्राच्या खेड्यांनी कोपेपॉडचे एक वेगळे रूपही पाहिले आहे. जुन्या माणसांना नारू आठवत असेल. पायातून हातभर लांब पांढरा दोऱ्यासारखा किडा बाहेर पडायचा आणि माणूस महिनोन्महिने जायबंदी व्हायचा. हा नारू गोड्या पाण्यातल्या सायक्लॉप्समधून पोटात जात असे, आणि सायक्लॉप्स हा कोपेपॉडच. पायऱ्यांच्या विहिरीत नारूचा रोगी उतरला की किड्याची पिल्ले पाण्यात सुटत, सायक्लॉप्स ती गिळी, आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याला वर्षभराने नारू होई. पाणी फडक्याने गाळून प्या, हा सरकारी प्रचार त्याच्यासाठीच होता. देशात १९९६ नंतर नारूचा रोगी आढळला नाही आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. ज्या प्राण्याला आपण फडक्याने गाळून फेकत होतो, त्याच्याच समुद्री भावंडांना मी आता फडक्याने गाळून जपून ठेवतो. समुद्री टाकीतल्या कोपेपॉडचा नारूशी काही संबंध नाही, हेही सांगून टाकतो, म्हणजे कोणी घाबरायला नको.

या समुद्री भावंडांत दोन तऱ्हा आपल्या उपयोगाच्या. एक तळाला, दगडाला, काचेला चिकटून राहणारी. दुसरी पाण्यात तरंगणारी. मँडरिन खडकावरून टिपतो, म्हणून त्याला पहिली तऱ्हा हवी. छंदिष्ट लोक त्यातल्या दोन प्रजाती जास्त करून वाढवतात. टिस्बे ही लहान, लपून राहणारी आणि झपाट्याने वाढणारी. उबदार पाण्यात आठ-दहा दिवसांत तिची नवी पिढी तयार होते. दुसरी टिग्रिओपस. ती थोडी मोठी, केशरी रंगाची आणि फार काटक. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर खडकांत साचलेल्या डबक्यांत ती राहते. उन्हाने डबके तापते, पाणी आटून खारटपणा वाढतो, पावसाने एकदम उतरतो, हे सगळे ती सोसते. मादी आपल्या शेपटीशी अंड्यांची पिशवी बाळगून फिरते. अंड्यातून निघालेले पिल्लू आईसारखे मुळीच दिसत नाही. सहा वेळा रूप बदलून ते कोपेपॉडच्या आकाराला येते आणि पुढे आणखी काही काती टाकून प्रौढ होते. अगदी लहान पिल्लाचा घास वेगळा, प्रौढाचा वेगळा. म्हणून सगळ्या वयाचे कोपेपॉड टाकीत असले पाहिजेत. केवळ मोठे सोडले आणि ते माशाने संपवले, तर पुढची पिढी येत नाही.

इथे टाकीच्या रचनेचा प्रश्न येतो. मासा आणि त्याचे अन्न एकाच खोलीत ठेवले तर अन्न फार दिवस टिकत नाही. कोपेपॉडना अशी जागा हवी, जिथे माशाचे तोंड पोहोचत नाही पण पाणी मात्र तेच आहे. या जागेला रिफ्युजियम म्हणतात. शब्द लॅटिन, अर्थ आश्रयस्थान. निर्वासिताला आपण रेफ्युजी म्हणतो तो शब्द याच कुळातला. आमच्या घरातल्या बोलीत सांगायचे तर पनाह.

या विचाराला इतिहास आहे. जाकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ साली एका अमेरिकी मासिकात लिहिले की समुद्रातला जिवंत खडक, नैसर्गिक पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर समुद्री टाकी निरोगी राहते. खडकातले सूक्ष्म जीवच पाणी स्वच्छ ठेवतात. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी खडकाला फेस काढणाऱ्या यंत्राची जोड दिली. अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी यांनी प्रवाळाच्या जीवसृष्टीच्या लहान प्रतिकृती उभारल्या, शेवाळाकडून पाणी शुद्ध करून घेतले आणि लहान जिवांसाठी वेगळी सुरक्षित खोली ठेवण्याचा विचार मांडला. त्यांचे ‘डायनॅमिक ॲक्वेरिया’ हे पुस्तक १९९१ साली आले. घरगुती टाकीखालचा रिफ्युजियम हा त्याच विचाराचा छोटा अवतार.

आता प्रत्यक्ष रचना सांगतो. आमची वरची टाकी १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच. काठोकाठ भरली तर २४३ लिटर. तिच्या खाली कपाटात दुसरी टाकी आहे. तिला संप म्हणतात. इमारतीखाली पाण्याचा संप असतो, तसाच हा. तो ९० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ४० उंच. वरच्या टाकीच्या कडेला दाते असलेली एक पेटी आहे. पाणी त्या दात्यांवरून ओसंडून पेटीत येते आणि पाइपाने खाली संपात उतरते. संपातला पंप ते पुन्हा वर चढवतो. पेटीतून उतरणारे पाइप दोन ठेवावेत. गोगलगाय किंवा शेवाळाचा गोळा अडकून एक तुंबला तर दुसऱ्याने पाणी उतरते. एकच पाइप असेल तर ते पाणी जमिनीवर येते.

संपाचे काचेच्या पडद्यांनी तीन खण केले आहेत. डावीकडे ३० सेंटिमीटरचा खण. यात वरून पाणी उतरते आणि यातच स्किमर बसतो. पावसाळ्यात किनाऱ्यावर पिवळट फेस साचलेला आपण पाहतो. पाण्यातली सेंद्रिय घाण बुडबुड्याला चिकटून वर येते, तिचा तो फेस. स्किमर हेच काम नळीत करतो आणि घाण वाटीत जमा करतो. उजवीकडे ४० सेंटिमीटरचा खण, तो रिफ्युजियम. मधला २० सेंटिमीटरचा खण पंपाचा. दोन्ही बाजूंचे पाणी या मधल्या खणात येऊन पडते आणि इथून वर जाते.

रिफ्युजियम उजवीकडे आणि पंप मध्ये, असे का? कारण रिफ्युजियममधून वाहून येणारे कोपेपॉड स्किमरच्या किंवा गाळणीच्या तावडीत न सापडता सरळ पंपात आणि तिथून वरच्या टाकीत जावेत. पंपाच्या पात्यांत ते सगळे मरतील, अशी शंका अनेकांना येते. काही मरतात, पण आकार इतका लहान की बरेचसे सुखरूप पलीकडे जातात. याउलट स्किमरमधून, बारीक कापडी पिशवीच्या गाळणीतून किंवा अतिनील दिव्याच्या नळीतून पाणी जात असेल, तर नुकसान जास्त. कापडी गाळणी लावायची तर ती डाव्या खणात, पाणी उतरते तिथे लावावी आणि दोन-तीन दिवसांनी बदलावी. कोपेपॉड पुरेसे वाढेपर्यंत ती काढून ठेवली तरी चालते.

पाण्याचा वेग हा दुसरा मुद्दा. वरच्या टाकीत तासाला टाकीच्या साधारण पाचपट, म्हणजे बाराशे लिटर पाणी फिरावे. पंपाच्या खोक्यावर लिहिलेला आकडा उंचीशून्य अवस्थेतला असतो. पाणी मीटर-सव्वामीटर वर चढवताना तो बराच उतरतो. म्हणून दोन हजार लिटरचा पंप घेतला. रिफ्युजियममध्ये मात्र वेग कमी हवा. तिथे पाण्याची उंची २४ सेंटिमीटर आहे, म्हणजे आत साधारण ३८ लिटर पाणी. त्याला तासाला दीडशे-दोनशे लिटर पुरतात. त्यासाठी पंपाच्या पाइपाला एक फाटा काढून त्यावर व्हॉल्व्ह बसवला आणि ते पाणी रिफ्युजियमच्या टोकाशी सोडले. व्हॉल्व्ह फिरवून वेग कमी-जास्त करता येतो. पाणी अगदीच संथ असेल तर गाळ कुजतो. फार जोरात असेल तर पिल्लांना थारा मिळत नाही.

तिसरा मुद्दा विजेचा. कोकणात राहणाऱ्याला तो विसरता येत नाही. वीज गेली की पंप थांबतो आणि वरचे पाणी दात्यांच्या पातळीपर्यंत खाली येते. तीन सेंटिमीटर पाणी उतरले तर १६ लिटर होतात, पाइपातले दोन-तीन लिटर वेगळे. तेवढी जागा संपात रिकामी हवी. आमचा संप अर्ध्यापेक्षा थोडाच जास्त भरलेला असतो तो याचसाठी. पंपाचा पाइप वरच्या टाकीत जिथे पाण्यात बुडतो, तिथे पृष्ठभागाच्या किंचित खाली एक बारीक भोक पाडावे. पाणी त्या भोकापर्यंत उतरले की हवा आत शिरते आणि उलटा वाहणारा प्रवाह तुटतो. भोक नसेल तर पाइपाच्या तोंडापर्यंतचे सगळे पाणी खाली येऊ शकते. हे भोक महिन्यातून एकदा टोकदार काडीने साफ करावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत कित्येक गावांची वीज आठवडेच्या आठवडे गेली होती. इतक्या लांबणीला घरगुती इन्व्हर्टर पुरत नाही. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप घरात असावा. बुडबुडे चालू असले तर मासे आणि कोपेपॉड दोघेही तग धरतात.

चौथा मुद्दा बाष्पाचा. पाणी उडते, मीठ उडत नाही. म्हणून कमी झालेले पाणी गोडे, शुद्ध केलेले घालायचे. खारे पाणी घालत राहिले तर टाकी दिवसेंदिवस खारट होत जाते. वरच्या टाकीची आणि दोन्ही कडेच्या खणांची पातळी पडद्यांमुळे कायम राहते. सगळी घट पंपाच्या खणात दिसते. मे महिन्यात पंखा लावल्यावर दिवसाला चार लिटर पाणी उडाले तर या छोट्या खणाची पातळी पाच सेंटिमीटरने उतरते. म्हणून शेजारी गोड्या पाण्याचा डबा ठेवून तरंगत्या बोंडाचा व्हॉल्व्ह बसवावा. तो आपल्या गच्चीवरच्या टाकीत असतो तसाच, पण लहान. पाण्याची विशिष्ट घनता १.०२५ च्या आसपास आणि तापमान २५ ते २७ अंश, एवढे सांभाळले की पुष्कळ झाले.

आता रिफ्युजियमच्या आत काय ठेवायचे ते. तळाला बारीक चुनखडी वाळूचा थर. त्यावर एका बाजूला सच्छिद्र सिरॅमिकच्या तुकड्यांचा ढीग. कोपेपॉड त्याच्या फटींत लपतात आणि वाढतात. अंगणातला जांभा टाकायचा मोह होईल, पण तो नको, त्यातून माती आणि लोह सुटते. प्रवाळाचा खडक तर मुळीच नको. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ पासून प्रवाळांना पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाच्या तोडीचे संरक्षण दिले आहे. समुद्री घोड्यालाही तेव्हाच संरक्षण मिळाले. किनाऱ्यावरून किंवा बेटावरून प्रवाळ उचलून आणणे गुन्हा आहे. भांडी घासायची साधी प्लास्टिकची जाळीदार घासणी कोरी, बिनसाबणाची आणून ठेवली तरी कोपेपॉड तिच्यात आनंदाने राहतात. शिवाय ती उचलून वरच्या टाकीत झटकली की माशाचे जेवण वाढले जाते.

ढिगाच्या बाजूला शेवाळ. किटोमॉर्फा नावाचे हिरवे, शेवयांच्या गुंत्यासारखे दिसणारे शेवाळ यासाठी उत्तम. ते माशांच्या विष्ठेतून तयार होणारे नायट्रेट आणि फॉस्फेट शोषते आणि त्याच्या गुंत्यात कोपेपॉड राहतात. दर दोन-तीन आठवड्यांनी ते वाढून दाट झाले की एक वाटा काढायचा. काढण्यापूर्वी टाकीच्याच पाण्याच्या बादलीत चांगले झटकायचे, म्हणजे त्यातले जीव वाया जात नाहीत. या शेवाळावर दिवा रात्रीचा लावायचा, वरच्या टाकीवरचा दिवा बंद झाल्यावर. रात्री वर प्रकाश नसला की पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पाणी आम्लतेकडे झुकते. खाली शेवाळ तेव्हा जागे असेल तर तो वायू ते वापरून टाकते.

काढलेल्या शेवाळाचे काय करायचे, हे मी मुद्दाम सांगतो. ते वाळवून खतात घालावे. खाडीत, गटारात, समुद्रात कधीही टाकू नये. १९८४ साली मोनॅकोच्या समुद्रशास्त्र संग्रहालयाच्या खालच्या समुद्रात कौलेर्पा जातीचे मत्स्यालयातले शेवाळ आढळले. सुरुवातीला ते एक चौरस मीटरभर होते. पुढच्या वर्षांत ते भूमध्य समुद्रात हजारो हेक्टर पसरले आणि तिथल्या मूळच्या समुद्रगवतावर पसरून बसले. आपण ज्याला पनाह देतो तो दुसऱ्याच्या घरात शिरला तर काय होते, याचे हे उदाहरण. परदेशी कोपेपॉडच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी. टाकीचे बदललेले पाणी आम्ही किनाऱ्याकडे नेत नाही.

रिफ्युजियम तयार झाल्यावर कोपेपॉडची एखादी बाटली सोडायची. ती छंदिष्टांकडून मिळते. दिवे बंद केल्यावर, पंप तासभर थांबवून सोडावी. त्यांचे अन्न म्हणजे सूक्ष्म हिरवे जीव, ज्याला आम्ही हिरवे पाणी म्हणतो, शिवाय तळाचा गाळ आणि दगडावरचा बुळबुळीत थर. याच्या जोडीला आम्ही घरात दोन काचेच्या बरण्या ठेवल्या आहेत. लोणच्याच्या पाच लिटरच्या बरण्या आहेत, पण लोणचे घातलेल्या नव्हेत. त्यांत समुद्राइतके खारे पाणी, एका साध्या नळीतून सावकाश येणारे मोठे बुडबुडे आणि फिकट पोपटी रंग येईल इतकेच हिरवे पाणी. नळीच्या टोकाला बारीक बुडबुड्यांचा दगड लावायचा नाही. त्या बुडबुड्यांत पिल्ले अडकतात. पाणी एक-दोन दिवसांत निवळले की कोपेपॉड खात आहेत असे समजावे आणि पुन्हा थोडे घालावे. दर आठवड्याला एका बरणीतले पाव पाणी बारीक जाळीतून गाळायचे आणि जाळीवर जमलेले टाकीत सोडायचे. दोन बरण्या यासाठी की एक बिघडली तर दुसरीतून विरजण मिळावे.

आणि मग थांबायचे. सगळ्यात अवघड काम हेच. पंप, काच, दिवा विकत मिळतो. हे तीन ते सहा महिने विकत मिळत नाहीत. दिवे बंद झाल्यावर तासाभराने विजेरी घेऊन टाकीच्या काचेवर प्रकाश टाकावा. सुरुवातीला काहीच दिसत नाही. काही आठवड्यांनी काचेवर एखाददुसरा पांढरा ठिपका चालताना दिसतो, मग दहा, मग मोजता येत नाहीत. रिफ्युजियममध्ये नव्हे, वरच्या टाकीच्या काचेवर आणि खडकावर असे ठिपके दाट दिसू लागले, की मँडरिनचा विचार करावा. त्यातही, दिवसभर असेच टिपत फिरणारे दुसरे लहान मासे टाकीत असतील तर करू नये. दोघांना पुरेल एवढे रान अडीचशे लिटरच्या टाकीत नसते. दोन नर तर एकत्र ठेवूच नयेत, ते एकमेकांना मारतात.

दुकानात मासा पाहताना त्याचे पोट पाहावे. भरलेले, गोलसर हवे. खपाटीला गेलेला मासा दया येऊन घरी आणणारे लोक मला भेटतात. त्यांची भावना मला कळते. पण रिकाम्या टाकीत आणलेल्या माशाची दया निष्फळ ठरते आणि त्याच्या जागी दुकानात दुसरा मासा येतो. हा व्यापार शेवटी आपल्या खरेदीवर चालतो. समुद्रातून पकडून, विमानाने हजारो किलोमीटर आणून, दोन महिने उपाशी ठेवायला कोणी मासा विकत घेत नसतो, पण होते तसेच. ज्याच्याकडे सहा महिने थांबण्याची तयारी नाही, त्याने क्लाउनफिश ठेवावेत. ते तयार खाद्य आनंदाने खातात. आता आपल्या देशातही त्यांची पैदास होते. शोभा त्यांनाही कमी नाही.

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या हौदात पूर्वी मासे सोडलेले असत. डासांची पिल्ले ते खात आणि पाणी स्वच्छ राहत असे. त्या माशांना वेगळे खायला कोणी घालत नसे, कारण हौद उघडा होता आणि त्यांचा घास आपणहून येत होता. काचेच्या टाकीला ती उघडी बाजू नसते. आत जे येते ते आपल्या हातून. म्हणून टाकीखालच्या कपाटातला तो हिरवा, गढूळ, पाहुण्यांना न दाखवण्यासारखा खण मला वरच्या झगमगाटाइतकाच महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे आज एक मँडरिन आहे. तो येण्यापूर्वी टाकी सात महिने त्याच्याविना चालली. पाहुणे त्याचे रंग पाहतात, मी सकाळी पहिल्यांदा त्याचे पोट पाहतो.